मदत हवी आहे: एफईएफमधला जवळपास प्रत्येक न्यूरॉन 'दृश्यही आणि चालकही' का निघतोय?

वक्रदृष्टी

मकाक माकडाच्या फ्रंटल आय फील्डमधल्या, म्हणजे एफईएफमधल्या (मेंदूच्या पुढच्या भागातला, नजर हलवण्यात गुंतलेला पट्टा), सुट्या न्यूरॉनच्या जुन्या नोंदी तपासतोय. प्रयोग साधा आहे. माकड मधल्या बिंदूवर नजर ठेवतं, १० अंशांवर लक्ष्य उमटतं, त्याच क्षणी मधला बिंदू विझतो आणि माकड लक्ष्याकडे सॅकेड करतं, म्हणजे नजरेची झटपट उडी मारतं. लक्ष्याच्या आठ दिशा. डोळ्याची नोंद व्हिडिओ ट्रॅकरची, १००० हर्ट्झ. लक्ष्य दिसल्यापासून सॅकेड सुरू व्हायला बहुतेक वेळा १५० ते १९० मिलिसेकंद लागतात.

दृश्य प्रतिसादासाठी लक्ष्यानंतरचे ५० ते १५० मिसे धरलेत, हालचालीसाठी सॅकेडच्या आधीचे ५० मिसे. दोन्हींची तुलना बेसलाइनशी, म्हणजे न्यूरॉनच्या एरवीच्या पातळीशी. निव्वळ दृश्य (फक्त दिसण्याला प्रतिसाद देणारे) किंवा निव्वळ चालक (फक्त हालचालीशी जोडलेले) न्यूरॉन बोटांवर मोजण्याइतके निघतात, बाकी सगळे दोन्हीकडे पास. खिडक्या सरकवून पाहिल्या, फरक नगण्य.

दुसरी अडचण: बऱ्याच ट्रायलमध्ये मोठी सॅकेड संपताच अर्ध्या अंशाची आणखी एक सापडते. ती खरी धरायची का?

---

सुपीरियर_सदाशिव

खिडक्या सरकवून काही होणार नाही, गोम प्रयोगाच्या आखणीत आहे. हिशेब करून बघा. सॅकेड १७० ला सुरू झाली तर तुमची हालचालीची खिडकी लक्ष्यानंतर १२० ते १७० वर बसते. दृश्य खिडकी १५० पर्यंत आहेच. म्हणजे ३० मिसेमधले स्पाइक (न्यूरॉनचे विद्युत ठोके) दोनदा मोजले जातात. सॅकेड १५० ला सुरू झाली तर हालचालीची अख्खी खिडकी दृश्य खिडकीच्या पोटात! अशा मोजणीत निव्वळ दृश्य न्यूरॉनसुद्धा 'चालक' ठरणारच.

म्हणूनच या कामाला विलंबित सॅकेड वापरतात, त्यातही स्मृतीवर आधारलेली. हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी १९८३ मध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रावरच्या कामात ती वापरली होती. साधारण आखणी अशी: आधी ५०० मिसे स्थिर नजर. मग लक्ष्य ५० ते १०० मिसे चमकून विझतं, मधला बिंदू मात्र चालूच राहतो. पुढे ५०० ते १००० मिसे थांबायचं, तेही दर ट्रायलला वेगवेगळं. विलंब ठरलेला असला की जनावर वेळ ओळखतं आणि इशाऱ्याआधीच तयारी सुरू करतं. मधला बिंदू विझला की तोच इशारा, आणि माकड आठवणीतल्या जागी उडी मारतं. दृश्य प्रतिसाद आणि हालचाल यांच्यात आता निदान अर्धा सेकंद असतो. सॅकेडच्या वेळी जागेवर दिवाच नसल्यामुळे त्या वेळचा स्फोट (स्पाइकची एकदम उसळी) 'काहीतरी दिसलं' म्हणून झाला असं कुणी म्हणू शकत नाही.

एक सावधगिरी. स्मृतीवरच्या सॅकेड मंद आणि कमी अचूक असतात, माकडांमध्ये त्या वरच्या बाजूला घसरतातही. लक्ष्याभोवतीची ग्राह्य चौकट त्या मानाने मोठी ठेवावी लागते. नाहीतर चांगल्या ट्रायल 'चूक' म्हणून बाद होतात, आणि त्या नेमक्या ठरावीक दिशांच्या असतात.

---

वक्रदृष्टी

चूक कळली, धन्यवाद. पण नव्या नोंदी मिळणार नाहीत. हाताशी आहे त्यातून काही काढता येईल का?

---

सुपीरियर_सदाशिव

थोडंफार येईल. प्रत्येक न्यूरॉनसाठी एकाच दिशेच्या ट्रायल घ्या आणि सॅकेड सुरू व्हायला लागलेल्या वेळेनुसार, लहान ते मोठा, लावा. रास्टर (दर ट्रायलची एक ओळ, दर स्पाइकचा एक ठिपका) लक्ष्याच्या क्षणाला जुळवून काढा आणि सॅकेडच्या सुरुवातीचा ठिपका प्रत्येक ओळीत टाका. ठिपक्यांची रेघ तिरपी दिसेल. स्फोटाची पट्टी उभी राहिली तर न्यूरॉन लक्ष्याला बांधलेला. रेघेबरोबर तिरपी गेली तर सॅकेडला बांधलेला. सरासरीचा आलेख काढण्याआधी हे चित्र डोळ्यांनी बघाच. सरासरीत हा फरक विरघळून जातो.

अट एकच: वेळांचा पसारा पुरेसा हवा. १५० ते १९० म्हणजे ४० मिसे, हे फारच अरुंद. त्याच नोंदींत ओव्हरलॅप ट्रायल आहेत का शोधा, ज्यांत लक्ष्य आल्यावरही मधला बिंदू चालू राहतो. त्यात सॅकेड उशिरा होते. गॅप ट्रायल असतील तर, म्हणजे बिंदू लक्ष्याच्या २०० मिसे आधी विझत असेल तर, ती लवकर होते. दोन्ही असतील तर नशीब.

आठही दिशा एकत्र करू नका. दिशेनुसार वेळ बदलते, मग पट्टी उगाच तिरकी झाल्यासारखी वाटते.

---

चंचल_बाहुली

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ती अर्ध्या अंशाची 'सॅकेड' बहुधा बाहुलीचं हेलकावणं आहे. डोळा थांबला तरी बुबुळाची आतली कड आणि भिंग क्षणभर डुलतात. व्हिडिओ ट्रॅकर बाहुलीचा मध्य मोजतो, म्हणून ते डुलणं डोळ्याची हालचाल म्हणून नोंदलं जातं. श्वेतपटलावर बसवलेली कॉइल (डोळ्याची हालचाल मोजणारं तारेचं वेटोळं) बुबुळ बघतच नाही, त्यामुळे तिच्या नोंदीचं रूप वेगळं असतं. दोन घटनांमधलं अंतर २० मिसेपेक्षा कमी असेल तर दोन्ही एकच धरा. खरी दुरुस्तीची सॅकेड सहसा याहून बरीच उशिरा येते.

सॅकेडची सुरुवात कशी काढता हे लिहिलेलं नाही, आणि सगळी खिडकी तर त्यावरच टांगलेली आहे. स्थितीवरून वेग काढा, ३० अंश प्रति सेकंद ओलांडला की घटना पक्की, मग तिथून मागे चालत वेग बेसलाइनच्या गोंगाटात मिसळतो तो क्षण पकडा. ३० चा क्षणच सुरुवात मानली तर सुरुवात उशिरा लागते. गाळणीचं (फिल्टरचं) भान ठेवा: फक्त मागचे नमुने वापरणारी गाळणी सुरुवात पुढे ढकलते, दोन्ही बाजूंनी फिरवलेली ती अलीकडे ओढते.

पापणी मिटली की बाहुली झाकली जाते आणि नोंद खाली-वर उडी मारते. हरवलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंचे १०० मिसे सरळ टाकून द्या.

शेवटी मेन सिक्वेन्स काढा: विस्तार (उडी किती अंशांची) आणि कमाल वेग, दोन्ही अक्ष लॉग. ठिपके एका पट्ट्यात हवेत. बाहेर लोंबकळणारे ठिपके उघडून बघा, बहुतेक गोंगाट किंवा पापणी. कालावधीसाठी माणसातलं ढोबळ सूत्र, अंशांना २.२ ने गुणून २१ मिसे मिळवा, म्हणजे १० अंशांना ४३. माकडाचा डोळा माणसापेक्षा वेगवान, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावू नका.

---

वक्रदृष्टी

ओव्हरलॅप ट्रायल सापडल्या! बऱ्याच न्यूरॉनची पट्टी आता स्वच्छ उभी दिसते. पण काहींत दोन पट्ट्या आहेत, एक उभी आणि एक तिरपी. आणि जे निव्वळ तिरपे आहेत त्यांना 'डोळ्याला आज्ञा देणारे' म्हणता येईल का?

---

सुपीरियर_सदाशिव

दोन पट्ट्या म्हणजे खरेखुरे दृश्य-चालक. ब्रूस आणि गोल्डबर्ग यांच्या १९८५ च्या वर्गीकरणातही हा गट आहे. कप्पे काटेकोर नाहीत, टोकाच्या दृश्यापासून टोकाच्या चालकापर्यंत सलग उतार आहे.

आज्ञा हा शब्द मात्र जपून. एफईएफमधून स्नायूंकडे थेट तार जात नाही. एक वाट सरळ सुपीरियर कॉलिक्युलस या सॅकेड घडवणाऱ्या केंद्राच्या मधल्या थरांत जाते. दुसरी कॉडेट या मेंदूच्या आतल्या केंद्रामार्गे सब्स्टॅन्शिया नायग्राकडे, जिचे न्यूरॉन एरवी सतत धडधडत कॉलिक्युलसला दाबून ठेवतात आणि सॅकेडच्या वेळी थांबतात. पुढे ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) आडव्या उडीसाठी पॉन्समधले, उभ्या उडीसाठी मिडब्रेनमधले बर्स्ट न्यूरॉन (उडीचा झटका देणारे). त्यांच्यावर त्यांना एरवी रोखून धरणाऱ्या ऑम्निपॉज न्यूरॉनचा पहारा, तोही सॅकेडच्या जरा आधी उठतो. शिवाय शिलर यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवलं की एफईएफ किंवा कॉलिक्युलस एकटं काढलं तर सॅकेड बऱ्यापैकी टिकतात, दोन्ही काढली की जवळजवळ संपतात.

तुमच्या तिरप्या न्यूरॉनची भक्कम परीक्षा म्हणजे थांबण्याचा इशारा असलेलं काम. हेन्स, पॅटरसन आणि शॅल, १९९८: माकड सॅकेड रोखून धरतं तेव्हा चालक न्यूरॉनची चढण अर्ध्यात मोडते, तीही थांबण्याची मुदत (इशाऱ्यानंतर सॅकेड रोखायला लागणारा वेळ) संपण्याआधी. दृश्य न्यूरॉनमध्ये तसं होत नाही. तुमच्या नोंदींत हे काम नसेल तर 'सॅकेडशी बांधलेला' इतकंच लिहा.

जुन्या नोंदवहीत त्या जागेचा विद्युत उद्दीपनाचा आकडाही शोधा. ५० मायक्रोअँपिअरच्या आत सॅकेड उमटली असेल तरच ती जागा एफईएफ धरायची प्रथा आहे. एफईएफ जिथे असतं त्या कमानी खाचेच्या (आर्क्युएट सल्कस) पुढच्या काठावरून इलेक्ट्रोड थोडा बाहेर गेला तरी तो आकडा वाढतो, आणि मग तुमचे काही न्यूरॉन शेजारच्या भागातले असू शकतात.