स्थापित क्षमतेत निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, मग वीज कोळशाचीच का?

सह्यपठार:
देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल व वायू सोडून इतर, स्रोतांची झाली असून पॅरिस कराराखाली २०३० साठी स्वीकारलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले, असे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी मात्र सुमारे सत्तर टक्के वीज अजूनही कोळशाचीच असते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? आणि सौर पॅनेल वाढवत गेल्याने कोळशाचा वाटा आपोआप कमी होईल का?

भारप्रेषण:
दोन्ही विधाने खरी आहेत, कारण क्षमता मेगावॅटमध्ये मोजली जाते आणि वीज युनिटमध्ये. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षभरात साधारण वीस टक्के क्षमतेने चालतो असे धरले, तर त्यातून सुमारे साडेसतरा लाख युनिट मिळतात. तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच सत्तर टक्के भाराने चालला, तर एकसष्ट लाखांहून अधिक युनिट देतो. शिवाय त्या निम्म्या वाट्यात मोठे जलविद्युत आणि अणुऊर्जा प्रकल्पही मोजलेले आहेत. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे, परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातलेली असल्यामुळे तिथली यंत्रे बारा महिने पूर्ण भाराने चालवता येत नाहीत. मागणी सर्वाधिक असते त्या वेळेसाठी ते पाणी राखून ठेवावे लागते, आणि ते योग्यच आहे.

घाटमाथा:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सूर्य मावळल्यावर सौरवीज शून्यावर येते, आणि नेमक्या त्याच सुमारास घरोघरचे दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे सुरू होऊन मागणी चढते. ती भागवणारा कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा सुरू करणे सोपे नसते, कारण थंड पडलेला बाष्पक (बॉयलर) पुन्हा तापवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात आणि अशा वारंवार चढउतारांनी त्याच्या नळ्यांचे आयुष्यही घटते. त्यामुळे हे संच दुपारी किमान भारावर, म्हणजे साधारण ५५ टक्क्यांवर, चालू ठेवले जातात. ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियोजन आहे. तरीही संध्याकाळचा प्रश्न उरतोच. साठवणुकीशिवाय वाढवलेली सौर क्षमता काही काळाने केवळ दुपारचा अतिरिक्त पुरवठा वाढवत राहते.

त्यावरचा एक उपाय आपल्याच राज्यात उभा आहे. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. वीज मुबलक असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. अशा प्रकल्पात चार युनिट खर्च केले, तर साधारण तीन परत मिळतात. पण दुपारची वाया जाणारी वीज संध्याकाळी वापरता येत असेल, तर ही घट मला परवडणारी वाटते. सह्याद्रीत अशा जागा बऱ्याच आहेत, मात्र तिथे जंगल आणि वस्ती दोन्ही असल्याने प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे तपासायला हवा. ज्या प्रकल्पासोबत साठवणूक नाही, अशा सौर निविदेचे कौतुक यापुढे जपूनच करावे, असे माझे ठाम मत आहे.

सह्यपठार:
दोघांचेही आभार. साठवणूक उभी राहीपर्यंत दुसरा काही मार्ग आहे का?

बागायत:
आहे, आणि तो शेतीपंपांचा आहे. महाराष्ट्रात कृषी वाहिन्यांना, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या तारांना (फीडर), वर्षानुवर्षे आळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळत आली आहे, आणि साप-बिबट्यांच्या भीतीत रात्री पाणी द्यायला जाणे काय असते, हे शेतकरी कुटुंबांना सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची आहे. रात्रीचा हा भार दुपारी आणला, तर त्या प्रमाणात सौरवीज साठवावीच लागत नाही, आणि वीज जिथे तयार होते तिथेच वापरली गेल्याने लांबच्या पारेषण वाहिन्यांवरचा ताणही कमी होतो. फक्त दिवसभर वीज मिळू लागल्यावर भूजलाचा उपसा वाढण्याचा धोका खरा आहे, म्हणून अवर्षणप्रवण तालुक्यांत या योजनेसोबत ठिबक सिंचन आणि विहिरींच्या पातळीची नियमित नोंद या दोन्ही गोष्टी सक्तीच्या असाव्यात.