पॅराथायरॉईडची गाठ शोधायला सोनोग्राफीनंतर कोणता स्कॅन? (कोल्हापूर-मिरज)

रंकाळा_वेस: पेशंट आत्या, वय 58, मुक्काम राजारामपुरी. कॅल्शियम 11.3, अल्ब्युमिन 3.6, पीटीएच (थायरॉईडमागच्या छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं, कॅल्शियम वाढवणारं हार्मोन) 168, डी जीवनसत्त्व 14, क्रिएटिनिन 0.9. डाव्या किडनीत खडा. सोनोग्राफीत डाव्या थायरॉईडमध्ये 9 मिमीची गाठ, शेवटी "पॅराथायरॉईड दिसत नाही". ऑपरेशनआधी सेस्टामिबी (किरणोत्सारी औषध देऊन काढतात तो स्कॅन) करावा, फोर-डी सीटी की थेट पेट स्कॅन? थायरॉईडची गोळी चालू आहे.

कॉलर_इन्सिजन: स्कॅनच्या आधी एक तपासणी राहिलीय. अल्ब्युमिन धरून कॅल्शियम 11.6 होतं, आणि एवढ्या कॅल्शियमला पीटीएच दबलेलं असायला हवं. ते चढलेलं आहे म्हणजे निदान रक्तातच दिसतंय. तरी 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करा, त्याच दिवशी रक्तातलंही. कॅल्शियम आणि क्रिएटिनिनच्या क्लिअरन्सचं (किडनीतून बाहेर पडण्याच्या वेगाचं) गुणोत्तर 0.01 च्या खाली आलं तर कॅल्शियम वाढण्याच्या आनुवंशिक प्रकाराचा संशय घ्यावा लागतो, आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो. डी कमी असलं की लघवीतलं कॅल्शियमही कमी येतं, म्हणून आधी डी भरून काढा. पण डॉक्टरांच्या देखरेखीत, कॅल्शियम मोजत. बीपीची थायझाइड गोळी किंवा लिथियम चालू असेल तर तेही सांगा.

स्कॅन फक्त गाठ कुठे आहे ते सांगतो. तो कोरा आला म्हणून आजार नाही असं होत नाही. खडा आहे, म्हणजे ऑपरेशनचं कारण तसंही आहेच.

प्रोब_दहा_मेगाहर्ट्झ: सोनोग्राफी पुन्हा करून घ्या, चिठ्ठीवर "पॅराथायरॉईडसाठी, कॅल्शियम व पीटीएच वाढलेले" असं स्पष्ट लिहून. नुसतं "मानेची सोनोग्राफी" लिहिलं की थायरॉईड मोजून रिपोर्ट हातात मिळतो.

खांद्याखाली उशी, हनुवटी वर, लिनियर प्रोब. जबड्याच्या कोनापासून छातीच्या हाडाच्या खाचेपर्यंत पाहायचं, आणि खाचेशी प्रोब खाली तिरका करून पेशंटला आवंढा गिळायला लावायचा. खालची ग्रंथी तेवढ्यापुरती वर येते. वाढलेली ग्रंथी काळपट, लांबट, थायरॉईडच्या मागे बारीक पांढऱ्या रेषेने वेगळी दिसते. डॉपलरवर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी सोय) रक्तवाहिनी एका टोकातून शिरते. लिम्फ नोडमध्ये ती मधल्या पांढऱ्या भागातून जाते. घोटाळा बहुतेक इथेच होतो. श्वासनलिका-अन्ननलिकेच्या मागचं आणि छातीतलं मात्र सोनोग्राफीला दिसत नाही.

गॅमा_खोली: सेस्टामिबी घ्या, पण फोनवर आधी विचारा: स्पेक्ट-सीटी (सीटीसोबत काढलेला त्रिमितीय फोटो) आहे का, की नुसता सपाट फोटो? सपाट फोटोत ग्रंथी थायरॉईडच्या पुढे की मागे हे कळत नाही.

टेक्नेशियम-सेस्टामिबी साधारण 20 ते 25 मिलिक्युरी शिरेतून. पहिले फोटो 10-15 मिनिटांनी, दुसरे दीड ते तीन तासांनी. थायरॉईडमधलं औषध लवकर उतरतं, पॅराथायरॉईडमध्ये रेंगाळतं, कारण तिथल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया गच्च भरलेले असतात. फोटोत जबड्यापासून हृदयापर्यंत सगळं यायलाच हवं. खालची ग्रंथी थायमससोबत (छातीच्या हाडामागची ग्रंथी) छातीत गेलेली असू शकते. मधल्या वेळेत मिसळ खाऊन आलं तरी चालतं, उपाशी राहायचं कारण नाही.

फसतं कुठे: ग्रंथी लहान असेल, एकाहून जास्त वाढलेल्या असतील किंवा औषध लवकर उतरलं तर स्कॅन कोरा. आणि थायरॉईडची गाठही औषध धरून ठेवते. आत्यांची ती 9 मिमीची गाठ नेमकी तीच अडचण करणार, म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या.

रंकाळा_वेस: गोळी थांबवायची का? आणि सीटी आधी केला तर काय बिघडतं?

गॅमा_खोली: दोन टप्प्यांच्या पद्धतीत गोळी थांबवत नाहीत. परटेक्नेटेटने (थायरॉईडमध्ये जाणारं दुसरं किरणोत्सारी औषध) थायरॉईड वजा करण्याची पद्धत असेल तर सेंटरला विचारा. त्या पद्धतीत आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) आधी गेलं की पुढचे काही आठवडे थायरॉईड नीट उमटत नाही. म्हणून सेस्टामिबी आधी, सीटी नंतर.

प्रोब_दहा_मेगाहर्ट्झ: फोर-डी म्हणजे तीन फेऱ्या: कॉन्ट्रास्टशिवाय, मग साधारण 25-30 सेकंदांनी, मग 80 च्या आसपास. थायरॉईडमध्ये मुळातच आयोडीन असतं, म्हणून ती पहिल्या फेरीत उजळ दिसते, पॅराथायरॉईड मंद. दुसऱ्या फेरीत पॅराथायरॉईड झटकन उजळते, तिसरीत उतरते. पहिली फेरी वगळून "कॉन्ट्रास्ट सीटी नेक" केला तर पैसे वाया. खांदे खाली ओढून धरायला सांगा, नाहीतर खांद्यांच्या रेघा नेमक्या त्याच जागेवर येतात. क्रिएटिनिन 0.9 आहे, पण ॲलर्जी असेल तर सांगा.

कॉलर_इन्सिजन: कोलीन पेट लहान ग्रंथी छान पकडतो, पण पहिली पायरी नको. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी जुळले नाहीत तरच पुण्या-मुंबईत चौकशी करा. विचारताना "फ्लुरोकोलीन" म्हणा. नेहमीचा कॅन्सरचा एफडीजी पेट इथे बिनकामाचा.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी एकाच जागी बोट दाखवत असतील तर लहान छेदाने एकच ग्रंथी काढता येते. तेव्हा ऑपरेशनमध्ये पीटीएच मोजण्याची सोय असलेली बरी, ग्रंथी निघाल्यावर 10 मिनिटांत ते निम्म्याहून खाली यायला हवं. सगळेच स्कॅन कोरे आले तर चारही ग्रंथी उघडून पाहाव्या लागतात. ते काम पॅराथायरॉईड नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच द्या. आणि प्रत्येक ठिकाणाहून रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या. छापील फिल्मवर स्पेक्ट-सीटीचे काप पुढेमागे करून बघता येत नाहीत.