खाडीवरच्या दृश्यात प्रेक्षक दचकतो, पण धास्तावत नाही

गडग्यापलीकडे (प्रश्न):

नमस्कार. मालवण तालुक्यातील आम्ही सात-आठ हौशी मंडळी मिळून २२ मिनिटांचा एक थरारपट करीत आहोत. बहुतेक जण नाटकातून आलेले असल्यामुळे अभिनयाची चिंता फारशी नाही. चिंता आहे ती एका दृश्याची, ज्यावर सगळी गोष्ट उभी आहे.

गावातील एक शिक्षिका सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी खाडीचे मुख पायी ओलांडून समोरच्या खडकाळ बेटावरील जुन्या वखारीत जाते. तिच्या बेपत्ता भावाची वही तिथे लपवलेली असावी, असा तिचा संशय आहे. वेळ संध्याकाळची. ती शोधाशोध करते, वही हाती लागते आणि नेमक्या त्याच क्षणी वखारीचा रखवालदार दारात उभा राहतो. हे सर्व साडेतीन मिनिटांत घडते. रखवालदार दिसताच आम्ही पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा मोठा आवाज टाकला आहे.

गेल्या रविवारी हे कच्चे संकलन वीसेक जणांना दाखवले. त्या आवाजाला सगळे दचकले आणि लगेच हसले. त्याआधीच्या तीन मिनिटांत मात्र दोघांनी खिशातून मोबाईल काढलेले मी स्वतः पाहिले. आमच्याकडे एकच कॅमेरा, दोन लेन्स आणि एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र आहे. एवढ्यात त्या तीन मिनिटांत धास्ती कशी निर्माण करावी?

कोयंडा:

आपल्याकडे अशा सगळ्या चित्रपटांना सरसकट ‘रहस्यपट’ म्हणण्याची जुनी सवय आहे आणि तुमची अडचण काही अंशी त्या शब्दातच दडलेली आहे, असे मला वाटते. रहस्य म्हणजे प्रेक्षकापासून काहीतरी झाकून ठेवणे. उत्कंठेचा व्यवहार बहुतेक वेळा याच्या उलट असतो. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या आणि १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या संभाषणात टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. दोन माणसे काहीतरी किरकोळ बोलत बसली आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब १ वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधी कळले आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दिसला, तर त्याच किरकोळ गप्पा तो १५ मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. तुम्ही १५ सेकंदांचा सौदा केला आहे आणि मोबदला तीन मिनिटांचा मागत आहात.

गंमत अशी की तुमच्या दृश्यात बॉम्ब आधीपासूनच आहे; तुम्ही तो दाखवलेला नाही, एवढेच. तो म्हणजे भरतीचे पाणी. शिक्षिका सुकतीत चालत गेली, म्हणजे परतीच्या वाटेला मुदत आहे. मालवणच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, कारण त्याच्या घरात बाजारहाटापासून तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) काढण्यापर्यंतची कामे पाण्याची वेळ बघून ठरत आलेली असतात. सोलापूरच्या किंवा नागपूरच्या प्रेक्षकाला मात्र वाळूचा तो पट्टा कायमचाच वाटेल. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला ती वाट पाण्याखाली जाते, हे ठाऊक नसलेले पर्यटक तिथेही असतातच. म्हणून चित्रपटाच्या पहिल्या चार-पाच मिनिटांत, गोष्टीशी वरवर संबंध नसलेल्या एखाद्या साध्या प्रसंगात, हा नियम प्रेक्षकाला शिकवून ठेवा. तिसऱ्या काढणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारीत टोपल्या उचलून निघतात, एक मुलगी रेंगाळते आणि काठावर येईपर्यंत तिचा परकर भिजतो, एवढे दाखवले तरी पुरे. कोणी कोणाला भरती समजावून सांगू नये. समजावून सांगितलेला नियम प्रेक्षकाला गृहपाठासारखा वाटतो.

हिचकॉक यांच्याच १९४६ च्या ‘नटोरियस’ मध्ये याचा फार देखणा वापर आहे. मेजवानी चालू असताना नायिका आणि नायक चोरलेल्या किल्लीने तळघरात शिरतात. वर शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होत जातात आणि त्या संपल्या की यजमानाला तळघरात उतरावेच लागणार, हे आपल्याला ठाऊक असते. बाटल्या हेच घड्याळ. कोणी धमकावत नाही, कोणी धावत नाही, तरीही बर्फात उरलेल्या बाटल्या पाहून पोटात गोळा येतो.

आता तुमच्या रखवालदाराविषयी. तो दारात अचानक का उगवतो? त्याची होडी दृश्याच्या सुरुवातीलाच दाखवा. पाणी ओसरल्यामुळे ती गावाकडच्या काठावर चिखलात एका बाजूला कललेली आहे; म्हणजे तो आता बेटावर येऊ शकत नाही. शिक्षिका याच हिशेबाने निघालेली असेल. पण ज्या पाण्याने तिची वाट बुडणार आहे, त्याच पाण्याने त्याची होडी तरंगणार आहे. हे प्रेक्षकाच्या लक्षात आले की पुढचे काम पाणीच करील. कललेली होडी, तिच्या तळाला लागलेले बोटभर पाणी, हळूहळू सरळ झालेली होडी, आणि शेवटी नुसता खुंटा. हे चार शॉट वखारीतील शोधाशोधीच्या मधे-मधे घाला. एकाही शॉटमध्ये रखवालदाराचा चेहरा दाखवण्याची गरज नाही.

कात्री:

कोयंडा यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण माहिती दिली की उत्कंठा आपोआप येते असा समज होऊ नये. ती माहिती किती वेळाने आणि किती काळ दाखवायची, यावर सगळे अवलंबून आहे. होडीचे चार शॉट समान अंतराने पेरले, तर दुसऱ्या शॉटनंतर प्रेक्षक ताल पकडतो आणि निर्धास्त होतो. माझ्या मते पहिले दोन शॉट लवकर यावेत, तिसऱ्यानंतर मोठी पोकळी असावी आणि त्या पोकळीत आपण शिक्षिकेबरोबर वखारीत अडकून राहावे. होडीचे काय झाले असेल, हा प्रश्न प्रेक्षकाने मनात विचारायला हवा. तो विचारू लागला की पुढचे ४० सेकंद काहीही दाखवा, अगदी ती पेटीची गंजलेली कडी काढते आहे एवढेच दाखवले तरी तो खुर्चीत सावरून बसतो.

हौशी संकलनात आढळणारी दुसरी चूक म्हणजे भीती वाढली की कट वाढवणे. तुमच्या दृश्याचा शेवटचा भाग मी उलट एका सलग शॉटमध्ये घेईन. ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ च्या ‘टच ऑफ इव्हिल’ ची सुरुवात आठवावी. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवलेला आपण पाहतो आणि मग कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ, एकही कट न करता, गर्दीतून त्या गाडीच्या मागेपुढे फिरत राहतो. कट झाला की प्रेक्षकाला वाटते, मधला काही वेळ गेला असेल. कट नसला की प्रत्येक सेकंद त्याच्या अंगावरून जातो.

अर्थात तुमच्याकडे एक अडचण आहे, कारण पाणी चढायला तास लागतात आणि तुमचे दृश्य साडेतीन मिनिटांचे आहे. म्हणून काळाची काटछाट वखारीच्या आत करा, जिथून पाणी दिसत नाही. दारातून येणारा तांबूस उजेड एका शॉटमध्ये जमिनीवर, पुढच्यात भिंतीवर आणि त्यानंतर नाहीसा झालेला, एवढ्याने बराच वेळ सरकल्याचे कळते. सलग शॉट त्यानंतर सुरू करावा. ती पाठमोरी वही वाचते आहे आणि मागचा दरवाजा चौकटीत पूर्ण वेळ उघडा दिसतो आहे, अशी रचना मला सुचते. दरवाजा थोडा बाजूला ठेवा. मधोमध ठेवलात तर तो जाहिरात केल्यासारखा दिसेल.

रातकिडा:

पत्र्याचा आवाज प्रथम काढून टाका. त्या हशाचे कारण तेच आहे, कारण दचकवल्यावर माणसाला सुटल्यासारखे वाटते.

कोकणातील संध्याकाळ ध्वनीच्या दृष्टीने फार श्रीमंत आहे आणि तिचा उपयोग तुम्ही शांततेसाठी करावा, असे मी सुचवीन. अंधार पडू लागला की रातकिडे सुरू होतात आणि माणूस जवळ आला की आसपासचे किडे गप्प होतात, हे पाणंदीतून रात्री चाललेल्या कोणालाही माहीत असते. शिक्षिका वखारीकडे येते, तेव्हा तिच्या पावलांनी ही किरकिर थांबते आणि ती आत स्थिरावल्यावर पुन्हा सुरू होते, एवढे एकदा ऐकवून ठेवा. मग त्या सलग शॉटमध्ये, ती वही वाचत असताना, किरकिर थांबू द्या. दरवाजा रिकामाच आहे. तिला कळलेले नाही, प्रेक्षकाला कळले आहे. त्यावर संगीताचा एक सूरही चढवू नका.

समुद्राची गाज मात्र तुम्हाला छळेल. तो अखंड घरघराट असल्यामुळे प्रत्येक शॉटमध्ये त्याची पातळी वेगळी येते आणि कट ऐकू येतात. त्या जागी कोणीही न बोलता निदान तीन-चार मिनिटे नुसती गाज मुद्रित करून ठेवा आणि ती संपूर्ण दृश्याखाली अंथरा. वखारीच्या भिंतीला लागणारे पाणी वेगळे मुद्रित करा. सुरुवातीला ते ऐकू येता कामा नये. नंतर त्याचा चुळचुळ आवाज येऊ लागला की बाहेरचा शॉट न घेताही पाणी कुठवर आले ते समजते.

शिवडाव:

थोडा विरोधी सूर लावतो. सगळेच प्रेक्षकाच्या हाती दिले, तर उरते काय? १९७५ च्या ‘जॉज’ मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असल्यामुळे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना ती कमी दाखवावी लागली आणि चित्रपटाचे त्यातच भले झाले. पाण्यावरून सरकणारी पिवळी पिंपे दिसली की खाली शार्क आहे हे कळते, पण ती दिसत नाही. म्हणून रखवालदार येतो आहे हे जरूर सांगा. तो कशासाठी येतो आहे हे सांगू नका. तो तिला इजा करणार की वाट बुडाली म्हणून परत न्यायला आला आहे, हे त्याने पहिले वाक्य बोलेपर्यंत कळता कामा नये.

गडग्यापलीकडे:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. होडीची कल्पना आम्हा सगळ्यांना इतकी पटली की काल रात्रीच पटकथा उघडून बसलो. एक व्यावहारिक प्रश्न उरतो. आमच्याकडे मावळतीचा उजेड रोज जेमतेम अर्धा तास मिळतो आणि त्याच अर्ध्या तासात पाणीही हव्या त्या पातळीला असले पाहिजे. हे जुळवायचे कसे?

सुकतीभरती:

चित्रपटातले मला फारसे कळत नाही, पण पाण्यातले कळते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे पूर्ण भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते, म्हणजे सुकती संध्याकाळवर येते. त्याच दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी ओसरतेही सर्वांत खोलवर. तुमची गोष्ट अमावास्येची ठेवलीत, तर तिचे चालत जाणे, अंधार पडणे आणि पाणी चढणे हे निसर्गातच एकापाठोपाठ येते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते. ते धड ओसरत नाही आणि वेळाही उलटतात, तेव्हा त्या दिवसांत कॅमेरा घेऊन जाऊ नका.

पाण्याची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे मावळती आणि सुकती यांची हवी तशी गाठ तुम्हाला दोन किंवा फार तर तीन संध्याकाळी मिळेल. ती चुकली, तर पुढच्या पंधरवड्याची वाट पाहावी लागेल. तोपर्यंत वखारीच्या आतले काम उरकून घ्यावे. दुसरे असे की पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने येते. होडीच्या तळाला पाणी लागण्यापासून ती सरळ होईपर्यंतचा शॉट हवा असेल, तर ती काठाला मध्यावर बांधा, अगदी खाली नको.

मुंबईकडच्या मानाने मालवणकडे भरती-सुकतीच्या पातळीतला फरक बराच कमी आहे, त्यामुळे नुसते पाणी दाखवून ते चढल्याचे प्रेक्षकाला कळणार नाही. वखारीच्या धक्क्याला पायऱ्या असतील, तर पायऱ्या दाखवा. ती बेटावर चढते तेव्हा प्रेक्षकाला त्या मोजता येतील एवढा वेळ कॅमेरा तिथे ठेवा. आणि प्रत्येक शॉटनंतर कोणती पायरी कोरडी होती ते वहीत लिहून ठेवण्यासाठी एक माणूस नेमा. आमच्याकडे मागे एका मालिकेचे चित्रीकरण झाले होते, त्यात नायक एकाच वाक्यात आधी गुडघाभर आणि मग घोटाभर पाण्यात उभा होता.