मदत हवी आहे: पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) 4.6 आलाय, बायॉप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणी) करू की थांबू?

नमस्कार मंडळी. वय 59, मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, राहायला बेळगावात वडगावला. पेटी वाजवतो. भजन, सप्ताह, कधी नाट्यगीतांचा कार्यक्रम, आणि घरी पाच-सहा पोरं शिकायला येतात. घरात हा विषय काढायची सोय नाही, म्हणून इथं लिहितोय.

चार वर्षांपासून लघवीची तक्रार. रात्री चार-पाचदा उठायचं, धार बारीक, होऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटायचं. त्यात आमची बैठक तीन-तीन तासांची. बुवा रंगात आलेले असताना पेटी सोडून उठणार कसं? कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर मी पाणीच बंद केलं होतं. तरी येळ्ळूरला एकदा ऐन भैरवीत उठावं लागलं. परत येऊन बसलो तेव्हा बुवा नुसत्या टाळांवर गात होते. कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवसानंतर डॉक्टर गाठला. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलंय म्हणून गोळी दिली, दोन वर्षं घेतोय, बराच आराम आहे.

आता मुख्य गोष्ट. थोरले बंधू, अण्णा, पखवाज वाजवायचे. त्यांची कंबर दुखायची. आम्ही म्हणायचो, जन्मभर मांडी घालून बसल्यावर दुसरं काय होणार? वर्षभर मणक्याचे उपचार, शेक, पट्टा. शेवटी कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलाय. लघवीचा त्रास त्यांना जवळजवळ नव्हताच की! गेल्या दिवाळीत गेले. तेराव्याला भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही पीएसए केलाय का?" मी हे नावच पहिल्यांदा ऐकलं.

रक्त दिलं, 4.6 आला. कागदावर 4 पर्यंत नॉर्मल लिहिलंय. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मागच्या बाजूनं बोट घालून तपासलं (लाजेपायी मी हे दोनदा टाळलं होतं, काम अर्ध्या मिनिटाचं). एका बाजूला कडक लागतंय, एमआरआय करून मग बायॉप्सी करू म्हणाले.

मंडळातले लोक सांगतात, सुई लावली की कॅन्सर भडकतो. खरं आहे का हे? आणि 4.6 म्हणजे थोडकंच जास्त ना, सहा महिने थांबलं तर? तीन आठवड्यांवर आमचा सप्ताह आलाय, बायॉप्सीनंतर मांडी घालून बसता येईल का? शेवटचं खर्चाचं. आमचं गाव सीमाभागातल्या, महाराष्ट्राचा दावा असलेल्या त्या 865 गावांत येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागाला लागू केल्याचं 2023 ला वाचलं होतं. प्रत्यक्षात कुणी वापरलीय का?

घाटमाथा: पेटीवाले काका, आधी गोळीचं नाव सांगा. पाकीट बघून लिहा, आठवून नको.

पेटीवाला (धागाकर्ता): ड्युटास्टेराइड आणि टॅम्सुलोसिन, एकाच गोळीत दोन्ही.

घाटमाथा: तेच विचारायचं होतं. ड्युटास्टेराइड वर्षभर घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे तुमचा 4.6 हा 9 च्या आसपास धरायचा. फिनास्टेराइड या त्याच जातीच्या गोळीचंही तसंच, टॅम्सुलोसिननं फरक पडत नाही. नव्या डॉक्टरांना ही गोळी सांगितलीत का? सख्ख्या भावाला होता, बोटाला कडक लागतंय, आणि वर हा आकडा. सहा महिने थांबायचा विचार सोडा. सुईनं भडकतो ही भीती मात्र काढून टाका, तसं होत नाही.

निपाणीचा_तबलजी: अहो, मी यातून गेलोय. माझा पीएसए 7 होता, त्रास काडीचा नव्हता, मुलानं बळंच तपासायला लावलं. बायॉप्सीत बारा तुकडे काढले. नंतर काही दिवस लघवीत रक्त, वीर्यात तर महिनाभर लालसर. घाबरायचं नाही. पण थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. बसायचं म्हणाल तर मी चार-पाच दिवस खुर्चीवर बसून वाजवलं, पोरं हसली. ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक त्याचा आकडा) 6 निघाला, म्हणजे सौम्य. ऑपरेशन नाही, दर सहा महिन्यांनी पीएसए आणि नुसतं लक्ष ठेवायचं. कॅन्सर निघाला म्हणजे लगेच कापाकापी, असं नसतंय.

सुळेभावीकर: सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही हेही सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांचं प्रोस्टेट काढलं. दहा दिवस नळी होती, नंतर दोन-तीन महिने लघवी आवरायची नाही, पॅड लावायचे. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच शिकून घ्या. योजनेचं इथं कुणाच्या भरवशावर राहू नका, ज्या दवाखान्यात जाणार तिथल्या काउंटरवर रेशनकार्ड दाखवून विचारा. आणि अण्णांना मुलगा आहे का? वडिलांना झालेला असेल तर 45 व्या वर्षापासूनच पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगतात.

पेटीवाला (धागाकर्ता): सर्वांचे आभार. गोळीचं मी खरंच सांगितलं नव्हतं. डॉक्टर वेगळे, फाइल वेगळी, मला वाटलं लघवीच्या गोळीचा याच्याशी काय संबंध? आज फोन केला. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, एमआरआय याच आठवड्यात उरकू. गुरुवारी मिरजेला जातोय. इतकी वर्षं त्या गावी तंबोरे जुळवून आणायला जायचो.

अण्णांचा मुलगा 46 चा आहे. काल त्याला हे सांगितलं, तर म्हणतो, "काका, मला कुठं काय होतंय?" अण्णाही अगदी हेच म्हणायचे. गुरुवारी त्यालाच सोबत घेऊन जातोय. रिपोर्ट उचलायला माणूस लागतो म्हणून सांगितलंय, तिथं पोचलो की त्याचंही रक्त देऊ. सप्ताहाला पेटीवर माझी थोरली शिष्या बसेल, काळी चारचे हरिपाठ तिला येतात. खुर्चीचं मात्र बुवांना अजून सांगितलेलं नाही.