नाशिकला कॅन्सरचा रोबो कशाला? (कालच्या धाग्याला उत्तर)

गंगापूररोडकर: 'पितरांच्या नावे अन्नदान पुरे, कॅन्सर सर्जरीच्या रोबोला देणगी द्या' हे काल वाचून डोकंच फिरलं. रोबो स्वतः काही कापत नाही हो! सर्जन कन्सोलवर (यंत्र चालवायच्या टेबलाशी) बसून हात हलवतो, यंत्र तीच हालचाल आत बारीक करून करतं. उपकरणं ठरावीक वेळा वापरली की मशीनच ती नाकारतं, मग नवीन घ्या. तो खर्च कोण उचलणार? आणि आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट काय कमी आहेत? गुटखाबंदी 2012 ची, टपरीवर मागा, मिळतो. जबड्याच्या ऑपरेशनला बहुतेकदा रोबो लागतच नाही.

अंबडवाला (कालचा धागा माझाच): माझ्या सासऱ्यांचं प्रोस्टेट मुंबईत रोबोनेच झालं. आठवडाभरात जिने चढत होते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) पडून आहे, मग नाशिककरांनी मुंबईच्या वाऱ्याच करायच्या का?

ओटीतला_निवासी: सासऱ्यांना शुभेच्छा. रोबोने रक्त कमी जातं, मान्य. पण ब्रिस्बेनच्या प्रोस्टेटच्या चाचणीत (2018) दोन वर्षांनंतर लघवीवरचा ताबा रोबो आणि पोट उघडून केलेलं ऑपरेशन, दोन्ही गटांत सारखाच निघाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर त्याच वर्षीच्या मोठ्या चाचणीत दुर्बीण-रोबोवाल्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. पैसे द्यायचेच तर शिकवायला द्या. सिम्युलेटर, फेलोशिपचं विद्यावेतन, जोडकन्सोल. एकावर गुरू, दुसऱ्यावर शिकणारा, हात चुकतोय दिसलं की गुरू ताबा घेतो. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला, आणि हे शिकायला आम्ही पंचवटी एक्स्प्रेस धरायची!

सिडकोची_ताई: शिकवायला कोण देतंय? पाटी कुठे लावणार? एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस मशीन पाहिलंय. 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' ही पितळी पाटी लखलखीत, मशीनवर प्लास्टिक. टेक्निशियन पगाराअभावी सोडून गेला होता.

गंगापूररोडकर: ताई, बरोब्बर!

पंचवटीचा_दादा: पाटीला नावं ठेवणाऱ्यांनी खिशात कधी हात घातलाय का? आमच्या वडिलांनी वॉर्डला खाटा दिल्या, पाटी लावली, त्यात पाप काय? नाव दिसलं की चार जण आणखी देतात.

सिडकोची_ताई: खाटांवर चादरी आहेत का, ते बघून या आधी.

पंचवटीचा_दादा: वडिलांवर घसरू नका. सांगून ठेवतो.

देवळालीकर: भांडा सावकाश. आईच्या किमोच्या वेळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून आम्ही तगलो. तेव्हा कुणी रोबोचं नाव काढलं असतं तर हात जोडले असते. आम्हाला रात्री पाठ टेकायला जागा हवी होती.

अंबडवाला: हरलो बुवा. रोबो राहू द्या, ताईंच्या टेक्निशियनचा पगार देतो. पाटीवर काय लिहू? 'यांच्या स्मरणार्थ, एक वर्षाचा पगार'?

सिडकोची_ताई: लिहा की. फक्त स्क्रू दर महिन्याला आवळा, पगार जमा झाल्यावर.