लाईट बिलाची एपीके फाइल इन्स्टॉल झाली, पैसे अजून गेले नाहीत. आधी काय करावं?

रामबागकर
‘बिल अपडेट नाही, आज रात्री 9:30 ला लाईट कापू’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, खाली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर थेट अ‍ॅप टाकणारी फाइल), वर इंदूरच्या वीज कंपनीचा लोगो. घरातल्या आजींनी फाइल इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगीही दिली. ओटीपी कुणालाच सांगितलेला नाही. अ‍ॅप काढून टाकलं की झालं का?

हिशेबनीस
नाही झालं. यात ओटीपी सांगावाच लागत नाही, गोम तिथेच आहे. परवानगी मिळाली की ते अ‍ॅप आलेला प्रत्येक एसएमएस परस्पर पुढे पाठवतं.

आत्ता, या क्षणी वाय-फाय आणि डेटा बंद करून फोन एरोप्लेन मोडवर टाका. सिम काढून दुसऱ्या, शक्यतो साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तुमच्याच हाती पडतील. त्यावरून ##002# डायल करा. कॉल कुठे वळवले असतील तर ते बंद होतात. मग बँकेला फोन. नंबर डेबिट कार्डाच्या मागचाच घ्या, गूगलवर सापडलेला अजिबात नको, तिथेही खोटे कस्टमर केअर असतात. नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड, तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं कार्ड बंद केलं तर यूपीआयची वाट उघडीच राहते. तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहा.

नंतर तो मेसेज आणि पाठवणाऱ्याचा नंबर यांचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, कारण पुढची पायरी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं, आहे. अशी अ‍ॅप्स आपला आयकॉन लपवतात, काही ‘काढा’ म्हटलं तरी निघत नाहीत. बॅकअपमधून फोटो आणि नंबर तेवढे घ्या, ती एपीके परत आणू नका. पासवर्ड आणि यूपीआय पिन रीसेटनंतरच बदला. आधी बदललात तर नवेही त्यांच्या हाती जायचे.

पोलोग्राउंड
ओळखायचं कसं, तेही आजींना सांगून ठेवा. वीज कायदा 2003, कलम 56: थकबाकीसाठी लाईट कापायची तर किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ म्हटलं की तिथेच खोटं. शंका आली तर बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (ग्राहक क्रमांक) घेऊन वीज कंपनीच्या 1912 या हेल्पलाइनला विचारा किंवा कंपनीच्या झोन ऑफिसात जा. आणि फाइल ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून भरवसा ठेवू नका, त्या माणसाचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात असू शकतो.

रामबागकर
सिम काढलं, बँकेत तिन्ही बंद केलं. तरी पैसे गेलेच तर?

हिशेबनीस
लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा 12 आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक) समोर ठेवूनच फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर सरकवले जातात; ते वाटेत असतील तोवरच रोखता येतात, म्हणून शाखा उघडायची वाट पाहू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरची तक्रार पूर्ण करा आणि बँकेला लेखी देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेवर असते. त्या पोचेवरची वेळ म्हणूनच जपायची.

पोलोग्राउंड
पुढे कुणी ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणत आला तर एक रुपयाही देऊ नका. तीही फसवणूकच.