गेटचा बंप, सोळाची चाकं आणि गायधनी काकांची हवा

देवरे (बी-४०२): निकमसाहेब, सोसायटीच्या गेटवरच्या त्या बंपचं काय ते एकदा ठरवा. आज आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. गेटवर दणका, पाथर्डी फाट्यापर्यंत दणके, पुढे सिंहस्थाच्या नावाने खोदून ठेवलंय ते वेगळंच. तपासायचे होते डोळे, धरून आलीय कंबर.

निकम (सेक्रेटरी): देवरे भाऊ, नमस्कार. बंपचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आहे. आपण उपस्थित नव्हतात. 🙏

देवरे: दिवाळीच्या आदल्या रविवारी सभा ठेवली तर कोण येणार?

आहेर वहिनी (ए-१०१): मुलं खेळतात म्हणून बंप आहे. कोण किती जोरात आत येतं ते तळमजल्यावरून रोज दिसतं आम्हाला. नाव घेत नाही.

देवरे: घ्या ना नाव.

गायधनी काका (सी-२०३): टायरमध्ये हवा कमी ठेवा. ३३ ऐवजी २५. गाडी लोण्यासारखी चालते.

कुलकर्णी सर (बी-१०४): देवरे, तुमची टॉप मॉडेल ना? टायरवर काय लिहिलंय ते पाहून सांगा.

देवरे: १९५/५५ आर १६.

निकम: कृपया मूळ विषयावर राहावे.

कुलकर्णी सर: मूळ विषयच चाललाय. याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात. हिशोब करा. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, शेवटचा रिम इंचात. १९५ चे ५५ टक्के म्हणजे साइडवॉल, रिमच्या वरचं रबर, १०७ मिमी. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०. रिम इंचाने लहान, पण रबर १३ मिमी उंच. अख्ख्या चाकाची उंची दोन्हीकडे ६२१ मिमीच्या आसपासच, त्यामुळे गाडी खाली बसत नाही आणि स्पीडोमीटरही चुकत नाही. दणका आधी रबर खातं, उरला तर रिम, मग शॉकॲब्सॉर्बर, मग आई.

सागर (डी-३०१): सर, १५ ची चाकं लावली की गाडी म्हातारी दिसते 😅

देवरे: बसायचंय म्हातारीलाच.

आहेर वहिनी: विषय निघालाच आहे तर, टँकरचे पैसे डी विंगकडून अजून आलेले नाहीत.

सागर: वहिनी, विषय कुठे निघाला?

गायधनी काका: टायरमध्ये हवा कमी ठेवा. ३३ ऐवजी २५. गाडी लोण्यासारखी चालते.

कुलकर्णी सर: काका, आदरपूर्वक सांगतो, तसं करू नका. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि तापते. एप्रिलच्या उन्हात समृद्धीवर १२० ने गेलात तर टायर फुटायला वेळ लागणार नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं. हवा तेवढीच, आणि सकाळी टायर थंड असताना तपासायची.

गायधनी काका: मी ॲम्बेसेडरपासून असंच करतोय. तुमचं शिक्षण झालं नव्हतं तेव्हापासून.

कुलकर्णी सर: ॲम्बेसेडरचं चाकही १५ चंच होतं काका, आणि वर हे एवढं उंच रबर. तिचा आराम त्यात होता, कमी हवेत नाही.

देवरे: सर, टायरवाला म्हणाला रिम लहान केली तर ब्रेकला घासेल.

कुलकर्णी सर: शंका रास्त आहे. ज्या गाड्यांच्या टॉप मॉडेलला डिस्क मोठी असते तिथे ब्रेकचा कॅलिपर घासतो, लहान रिम बसतच नाही. तुम्ही एक करा. डिकी उघडा, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्यावर काय लिहिलंय ते सांगा.

निकम: बंप मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. सभेत मंजूर. 🙏

देवरे: अहो सर! लोखंडी रिम, १८५/६५ आर १५!! गाडी घेतल्यापासून डिकीतच पडून आहे.

कुलकर्णी सर: पंक्चर झालं की तीच पुढे लागते, तीच मागे. ब्रेकला घासत असती तर कंपनीने दिली असती का? लोड इंडेक्सही बघा. सोळाला ८७, म्हणजे चाकाला ५४५ किलो. पंधराला ८८, म्हणजे ५६०. वजन पेलायला उणं काही नाही. फक्त बाहेरचे अलॉय घेतलेत तर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, जुळतोय का आणि नट तेच चालतात का, ते विचारा.

देवरे: म्हणजे बंपवर काहीच जाणवणार नाही?

कुलकर्णी सर: जाणवेल हो. बंप तोच राहणार. फरक पडतो तो बारीक खड्डे, खडी, पुलाचे सांधे, असल्या ठिकाणी. घाटात वळणावर स्टिअरिंग जरा सैल लागेल. आणि गाडी ठकठक वाजत असेल तर आधी सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश बघून घ्या, त्याला चाकं बदलून उपयोग नाही.

कुलकर्णी सर: बाकी निकमसाहेब, इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात बंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे गाडी अलगद चढते, अलगद उतरते. आपला जेमतेम हातभर रुंद आहे.

निकम: ३.७ मीटरचा केला तर वॉचमनची केबिन बंपवर येईल.

आहेर वहिनी: येऊ द्या. निदान झोप तरी लागणार नाही त्याला.

गायधनी काका: टायरमध्ये हवा कमी ठेवा. ३३ ऐवजी २५.

सागर: देवरे काका, माझी तुमचीच गाडी, खालचं मॉडेल. चारी चाकं अदलाबदल करू या?

देवरे: वर किती देतोस? माझे अलॉय आहेत.

सागर: वर?? तुमचे टायर झिजलेत. काल पार्किंगमध्ये पाहिले मी.

देवरे: खाचेतल्या खुणेच्या वर आहेत. कायद्याने खाच १.६ मिमी खोल लागते, माझी त्याहून बरीच आहे.

सागर: माझ्यावर २३२४ छापलंय. म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेले. तुमच्यावर?

देवरे: ते अंधारात दिसत नाही.

सागर: टॉर्च आणू?

निकम: खरेदी-विक्री ग्रुपवर नको.

देवरे: ही अदलाबदल आहे साहेब. सागर, टायर जसे आहेत तसे, वर काही नको. बॅलन्सिंग-अलाइनमेंट दोन्ही गाड्यांचं तू करायचं. आणि विमा कंपनीला आधी दोघांनीही लेखी कळवायचं, मगच चाकं काढायची.

सागर: अलाइनमेंट अर्धं अर्धं.

देवरे: बरं. शनिवारी ये, पण ती स्टेपनी माझी माझ्याकडेच राहणार.